कागद कुठे जाणार? : संशोधक, वस्ती आणि विश्वास

समाजशास्त्राचे किंवा समाजकार्याचे विद्यार्थी वस्तीत जाऊन प्रश्नावली भरून आले की वर्गात एक तक्रार हमखास ऐकू येते : 'लोक सहकार्य करत नाहीत, लोक खोटे सांगतात.' एकाच घरात सकाळी पाच माणसे सांगितली जातात आणि संध्याकाळी आठ. नवरा काय करतो, ह्या प्रश्नाला 'करतो काहीतरी' एवढेच उत्तर मिळते. गावाचे नाव विचारावे तर तालुक्याचे सांगतात. मग आम्ही अध्यापक मंडळी त्यांना 'विश्वास संपादन' करण्याचा पाठ देतो. गोड बोला, चहा दिला तर नाही म्हणू नका, लेकराबाळांची चौकशी करा, हळूच विषयाकडे वळा. मीही काही वर्षे हाच पाठ दिला. तो मुळातूनच चुकीचा आहे, असे आज माझे मत झाले आहे. ते कशामुळे झाले आणि त्या जागी काय शिकवले पाहिजे, हे विद्यार्थी-कार्यकर्त्यांपुढे मांडावे म्हणून हे लिहिते आहे.

ह्या पाठात एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, वस्तीचा अविश्वास म्हणजे एक अडसर आहे, अज्ञानातून आलेला, आणि शिकलेल्या माणसाने तो युक्तीने दूर करायचा आहे. माझे म्हणणे उलट आहे. वस्तीचा अविश्वास हे अज्ञान नव्हे. ते पिढ्यान्‌पिढ्या किंमत मोजून मिळवलेले ज्ञान आहे. तेव्हा 'विश्वास कसा मिळवावा' हा खरा प्रश्नच नाही. विश्वास टाकल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे सर्वांना माहीत आहेत. एक डोंबिवलीचे, कल्याण-शीळ रस्त्यावरचे. दुसरे ठाण्याचे, घोडबंदर रस्त्यावरचे. मी ह्या दुसऱ्या मानपाड्याची. एका अंगाला येऊरचा डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, दुसऱ्या अंगाला आकाशाला भिडणाऱ्या इमारती, आणि ह्या दोहोंच्या मधल्या पट्टीत आमच्यासारख्यांची वस्ती. माझ्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडे खडी फोडली. वडिलांनी गाव सोडले ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. ते सकाळी नाक्यावर उभे राहात, मुकादम बोलावील तिथे बिगारी म्हणून जात. आई घमेली वाहायची. समोरच्या इमारतींतल्या कित्येक जिन्यांवर त्यांचा घाम सांडलेला आहे. आमच्या ओळीत बौद्ध, मातंग, बंजारा, वडार आणि दोन-चार घरे कैकाड्यांची. घराण्यातली पहिली पदवीधर मी.

मी सात-आठ वर्षांची असताना दारावर खडूने आकडा लिहून गेलेली माणसे मला आठवतात. 'सर्वेवाले आले' अशी हाक उठली की, वस्तीचा रंगच बदलायचा. कुणी नाक्यावरून दिवसाची मजुरी बुडवून धावत यायचे, कारण कुलूप असलेले घर यादीत धरत नाहीत. गावी गेलेल्या भावाचे नाव आवर्जून सांगितले जाई. दुसऱ्या खेपेला, माणसे जास्त दिसली तर भाडेकरू ठेवले म्हणतील ह्या भीतीने, तेच नाव गाळले जाई. माझ्या विद्यार्थ्यांना जे 'खोटे' वाटते, ते हे आहे. त्यात हिशेब आहे. समोरचा माणूस कशासाठी मोजतो आहे ह्याचा अंदाज घेऊन दिलेले ते उत्तर असते.

हा हिशेब लोक कुठे शिकले? मुंबई-ठाण्याच्या झोपडपट्टीचा इतिहास पाहिला तर तो कागदांचा इतिहास आहे. ४ जानेवारी १९७६ ह्या एका दिवशी मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि तीवरून ओळखपत्रे दिली गेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात चेंबूर-मानखुर्दकडची हजारो माणसांची जनता कॉलनी उठवली गेली आणि लोकांना चीता कॅम्पला नेऊन टाकले. १९८१ साली पदपथावरच्या रहिवाशांना शहराबाहेर काढण्याचे फर्मान निघाले. ते प्रकरण ओल्गा टेलिस खटला म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले, पण रीतसर नोटीस देऊन हटवण्याला मुभाही दिली. मात्र १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती, त्यांना पर्यायी जागा द्यावी असे त्याच निकालात होते. म्हणजे नऊ वर्षांपूर्वी एका दिवशी कुणीतरी नाव लिहून घेतले की नाही, ह्यावर माणसाचे छप्पर ठरले. पुढे १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या आणि १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेला 'पात्र', नसलेला 'अपात्र', अशी माणसांची विभागणी झाली.

कागद वाचवतो आणि कागदच उठवतो. हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांच्या दारात एखादी मुलगी गळ्यात ओळखपत्र अडकवून, हातात छापील फॉर्म घेऊन उभी राहते आणि म्हणते, 'ही माहिती फक्त अभ्यासासाठी आहे.' तिच्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा? आजवर आलेल्या प्रत्येकाने असेच काहीतरी सांगितले होते.

ह्याहून जुनी एक आठवण काही घरांत आहे. आमच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या कैकाडी बाबांनी मी पुढे केलेल्या संमतिपत्रावर अंगठा द्यायला नकार दिला. त्यांचे बालपण सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात गेले. ते म्हणाले, "माझ्या बापाचा अंगठा सरकारनं घेतला. कशापायी घेतला ते बापाला मरेस्तोवर कळलं नाही. तू सांग, ह्यो कागुद कुठं जाणार?" गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ चा. १९११ च्या कायद्याने तो देशभर लागू करता येऊ लागला, आणि नोंदलेल्या जमातीतल्या माणसांचे बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. आमची विद्यापीठे मात्र निरक्षर माणसाच्या संमतीचा पुरावा म्हणून आजही अंगठाच मागतात. नियम म्हणून त्यात गैर काही नाही. पण तो अंगठा देणाऱ्याच्या मनात कोणता अंगठा आठवत असेल, ह्याचा विचार फॉर्म तयार करणाराने केलेला नसतो.

लोक जे लपवतात ते दर वेळी भीतीपोटीच लपवतात असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातला एक प्रसंग ह्या दृष्टीने आपण पुन्हा वाचला पाहिजे. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिचा अहवाल १९३० चा. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली ह्या कामानिमित्त खानदेशात फिरताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह धरला. स्टेशनवर बराच वेळ थांबावे लागले, मग टांगा आला. तो हाकणारा अगदीच नवखा निघाला, वाटेत टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेब खाली दगडांवर फेकले जाऊन जबर जखमी झाले. उशीर का झाला, टांगेवाला असा का, हे त्यांना नंतर कळले. अस्पृश्याला टांग्यात बसवून नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला होता. बाबासाहेबांनी पायी जावे हे वस्तीला कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेऊन त्यांच्यातलाच एक जण, सवय नसताना, हाकायला बसला होता. पाहुण्याची प्रतिष्ठा सांभाळण्याच्या नादात त्याचा जीव धोक्यात घातला गेला, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहिले.

अस्पृश्यतेची चौकशी करायला आलेल्या समितीच्या सदस्यापासून, आणि तोही प्रत्यक्ष बाबासाहेबांपासून, वस्तीने अस्पृश्यतेचाच ताजा प्रसंग झाकून ठेवला. ह्यात खोटेपणा होता काय? की अविश्वास होता? दोन्ही नव्हते. आपल्या माणसासमोर आपला अपमान उघडा पडू नये ही ती धडपड होती. संशोधकाने हे समजून घेतले पाहिजे की, न सांगण्यातही माणसाची अस्मिता असते. सगळे सांगितलेच पाहिजे असा हट्ट धरणारे संशोधन त्या अस्मितेवरच घाव घालते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. ती लिहिल्याशिवाय वरचे सगळे बोलण्याचा मला अधिकार नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. नाका ओस पडला, निम्मी वस्ती मिळेल त्या वाहनाने आणि पायी गावी गेली. जी राहिली तिने कर्ज काढून दिवस ढकलले. पुढच्या वर्षी मी ह्या कर्जाचा अभ्यास हाती घेतला. मला कुणी दार बंद केले नाही. मी त्यांच्यातली होते. 'आपल्या बिगाऱ्याची पोरगी मास्तरीण झाली' ह्याचा त्यांना अभिमान होता. एका भाजी विकणाऱ्या विधवा मावशींनी मला सांगितले की, लेकीने माहेरी ठेवायला दिलेले सोने तिच्या सासरी न कळवता गहाण टाकले आहे. मी नाव बदलले आणि लिहिले. गल्ली, नळाजवळचे घर, भाजीची पाटी, हे तपशील मात्र तसेच ठेवले, कारण त्यामुळे लेख जिवंत वाटत होता. लेख एका चर्चासत्रात वाचला गेला, छापला गेला, वाखाणला गेला. मग वस्तीतल्याच एका विद्यार्थ्याने तो घरी मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या परिच्छेदातच सगळ्यांनी बाई ओळखली. गोष्ट लेकीच्या सासरपर्यंत पोचली आणि ती लेक चार महिने माहेरी येऊन राहिली.

मी मावशींकडे गेले तेव्हा त्या ओरडल्या नाहीत. पाणी दिले आणि म्हणाल्या, "परक्या बाईला म्या सांगितलंच नसतं. तू आपली म्हणून सांगितलं."

ह्या एका वाक्याने माझा 'विश्वास संपादना'चा सारा पाठ कोसळला. विश्वास तर होता, पुरेपूर होता. आणि तोच त्यांना भोवला. त्यांनी एखाद्या परक्यावर ठेवतात तसा अविश्वास माझ्यावर ठेवला असता, तर त्यांचे घर सुरक्षित राहिले असते. आपल्यातला माणूस संशोधक झाला की प्रश्न सुटतो, अशी आपल्या चळवळीत एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. आपल्या माणसांनी आपला इतिहास लिहिला पाहिजे, ह्यात शंका नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या मुलाखतींवर 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली सिद्ध केले. ते काम बाहेरच्या कुणाकडून तसे झाले नसते. पण जात एक असणे ही जबाबदारी वाढवणारी गोष्ट आहे, कमी करणारी नव्हे. आपल्या माणसासमोर लोक जास्त उघडे होतात, म्हणून त्याच्या हातून होणारी इजाही जास्त खोल असते.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात हवासुपाई नावाची एक छोटी आदिवासी जमात राहते. १९९० च्या सुमारास तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून तिच्या लोकांचे रक्त घेतले. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार, जमातीचे मूळ स्थलांतर अशा विषयांचेही संशोधन झाले. २००३ मध्ये जमातीतल्याच एका विद्यार्थिनीला एका व्याख्यानात हे कळले. लढा देऊन २०१० साली त्यांनी नुकसानभरपाई मिळवली, आणि उरलेले रक्त परत नेले. आपल्याकडेही १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास चालला. निम्म्या स्त्रियांची नियमित तपासणी झाली. उरलेल्यांना केवळ आरोग्यशिक्षण मिळाले. देशात तेव्हा सर्वसाधारण स्त्रीला कुठेच तपासणी मिळत नव्हती, असे संशोधकांचे म्हणणे होते. तपासणीने मृत्यू कमी होतात हे त्यातूनच सिद्ध झाले, हेही खरे. पण आपण कोणत्या गटात आहोत आणि त्याचा अर्थ काय, हे त्या दुसऱ्या गटातल्या बाईला कितपत समजावले होते, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि तो रास्तच होता. ज्ञान सर्वांचे होते आणि जोखीम वस्तीची, हा व्यवहार ओळखीचा आहे. गावकीतही काम आपले आणि धान्य पाटलाच्या कणगीत असेच होते.

ह्याला उत्तर म्हणून काही नियम आता झाले आहेत. 'सेहत' ह्या मुंबईच्या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की, संमतिपत्र माणसाला समजेल त्या भाषेत हवे, निरक्षर माणसाच्या अंगठ्याला निःपक्ष साक्षीदार हवा, आणि पुढाऱ्याची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. हे नियम विद्यार्थ्यांनी वाचलेच पाहिजेत. पण नियम वहीत राहतात. वस्तीत ते उतरवायचे कसे, ह्याबद्दल आम्ही ठेचा खाऊन जे शिकलो ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न विचारण्याआधी उत्तरे द्यायची. कोणी पाठवले, पैसा कोणाचा, कागद कुठे जाणार, कोण वाचणार, आणि मला ह्यातून काय मिळणार. 'मला पदवी मिळेल, बढती मिळेल. तुम्हांला कदाचित काहीच मिळणार नाही,' हे स्पष्ट सांगावे. ते ऐकून उठून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. जी बसून राहिली, ती डोळे उघडे ठेवून बसली.

दुसरी गोष्ट, 'नाही' म्हणणे सोपे करायचे. मुकादमाच्या ओळखीने नाक्यावर गेलात तर मजूर नाही म्हणूच शकत नाही. उद्याचे काम त्याच्याच हातात असते. नवऱ्यासमोर बाईची संमती घेणे हेही तसेच. म्हणून एकदा विचारून भागत नाही. चार दिवसांनी पुन्हा विचारावे, दिलेली माहिती परत मागण्याचा हक्क आहे हे पुन्हा सांगावे.

तिसरी गोष्ट वेळेची. सकाळी सात ते दहा नाक्यावर माणूस स्वतःला विकायला उभा असतो. तेव्हा वही काढणे हा गुन्हा समजावा. आणि मुलाखतीसाठी मजुरी बुडत असेल तर ती भरून देण्यास नियमांची आडकाठी नाही.

चौथी गोष्ट मला सर्वांत महाग पडली. नाव बदलणे म्हणजे ओळख लपवणे नव्हे. दिल्लीच्या वाचकाला बाई ओळखू येत नाही, पण धोका दिल्लीहून नसतोच. तो शेजारच्या भिंतीपलीकडून असतो. म्हणून जे लिहिले ते ज्याचे त्याला आधी एकट्यात वाचून दाखवायचे आणि तो सांगेल ते खोडायचे.

पाचवी गोष्ट, कागद परत आला पाहिजे. आता अभ्यास पूर्ण झाला की एका रविवारी विहारात आम्ही तो वस्तीच्या बोलीत सांगतो. व्यक्तीच्या गोष्टी तिथे काढायच्या नाहीत. आकडे आणि निष्कर्ष तेवढे मांडायचे. कर्जाच्या अभ्यासातून एक बाब पुढे आली. बांधकाम मजुरांसाठी तेव्हा १९९६ चा कायदा होता, कल्याणकारी मंडळ आहे. पण नोंदणीला वर्षातले नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि रोज नवा मालक असणाऱ्या नाक्यावरच्या माणसाला तो कोण देणार? ही अडचण किती घरांची आहे ह्याची यादी वस्तीतल्या बायकांनी स्वतः केली, ती स्वतःकडे ठेवली आणि तीच घेऊन त्या कचेरीत गेल्या. ही वाट नवी नाही. १९८५ च्या निकालानंतर मुंबईच्या पदपथावरच्या बायकांनी 'स्पार्क' संस्थेच्या साथीने आपलीच गणना केली होती; सुमारे सहा हजार कुटुंबांची ती नोंद 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाली. उठवण्यासाठी होणाऱ्या मोजणीला त्यांनी स्वतःच्या मोजणीने उत्तर दिले.

ह्यावर सहकारी प्राध्यापक आक्षेप घेतात की, लोकांनाच खोडायचा अधिकार दिला तर सत्य उरेल काय? माझा अनुभव असा की, लोक सत्य खोडत नाहीत. स्वतःकडे जाणारी पायवाट तेवढी खोडतात. व्याजाचे दर राहिले, गहाणवट राहिली, टाळेबंदीत कोणी कोणाला लुबाडले तेही राहिले. नळाजवळचे घर गेले. त्याने शास्त्राचे काय बिघडले? संशोधन मंदावते, हे मात्र खरे आहे. ते मान्य केले पाहिजे.

माझा तो लेख मला परत घेता आला नाही. संपादकांना लिहून पुढच्या पुस्तकातून तो मजकूर वगळला, पण निघालेल्या प्रती निघाल्या. लेक सासरी परत गेली आहे. मावशी रविवारच्या वाचनाला येतात, मागे बसतात, ऐकतात, माझ्याशी बोलतात. मुलाखत मात्र त्यांनी पुन्हा दिलेली नाही आणि मीही मागितलेली नाही. त्या कैकाडी बाबांनीही अंगठा दिला नाही. त्यांनी तोंडी सांगितले, तेवढेच मी लिहिले, आणि कागद कुठे गेला हे त्यांना जाऊन सांगून आले.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, वस्तीतून परत आल्यावर 'लोकांनी सहकार्य केले नाही' असे अहवालात लिहिण्याआधी एक चौकशी करा. तुमच्या आधी त्या दारात कोण येऊन गेले, त्याने काय लिहून नेले, आणि त्यानंतर त्या घराचे काय झाले? हे कळल्याशिवाय तुमची प्रश्नावली सुरूच होऊ शकत नाही.